ब्लॅक होलच्या अगदी मध्यभागी काय असतं? फिजिक्सकडे उत्तर आहे का?

खरं सांगायचं तर अजून नाही. आमच्याकडे देवगडला खाडीच्या तोंडाशी ओहोटीला पाण्याची ओढ असते ना, वल्हं मारायच्या स्पीडपेक्षा ती जास्त झाली की होडी समुद्राकडेच जाणार, तसंच इव्हेंट होरायझनच्या, म्हणजे ब्लॅक होलच्या हद्दीच्या, आत प्रकाशालाही परत फिरता येत नाही. इथपर्यंत आइन्स्टाइनचं गणित मस्त चालतं.

पण अगदी मध्यभागी तेच गणित घनता अनंत सांगतं. १९६५ मध्ये ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोजने दाखवलं की ही सिंग्युलॅरिटी (जिथे गणित असं अनंत होतं ती जागा) टाळता येत नाही, आणि त्यात कोलकात्याचे भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरींचं १९५५ चं समीकरण कामी आलं (हे शाळेत का शिकवत नाहीत, मला खरंच वाईट वाटतं). आता अनंत म्हणजे तिथे खरंच काही अनंत आहे असं नाही, थिअरी तिथे संपते एवढंच, कारण इतक्या छोट्या जागेत क्वांटमचे (अणूंच्या सूक्ष्म जगाचे) नियम लागतात आणि ते गुरुत्वाकर्षणाशी जुळवणारी पक्की थिअरी अजून कोणाकडेच नाही.

पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात किनाऱ्यावर जा, अंधार पडला की नैऋत्येला धनु रास बघा, त्याच दिशेला आपल्या आकाशगंगेचं ४० लाख सूर्यांएवढ्या वजनाचं ब्लॅक होल आहे.