टेस्टमध्ये कॉपी करणाऱ्या मैत्रिणीचं नाव मॅडमना सांगावं का?

तुम्ही नागपुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात. फार्माकॉलॉजीच्या टेस्टमध्ये तुमच्या मैत्रिणीनं मोबाईल मांडीवर ठेवून उत्तरं उतरवली आणि ते फक्त तुम्ही पाहिलं. दोघी रोज मेट्रोनं सीताबर्डीपर्यंत सोबत जाता, तिचे वडील मागच्या वर्षी गेले, आणि सांगितलं तर तिला पोलिसात देतील, निदान वर्ष तरी जाईल, अशी भीती तुम्हाला वाटते. न सांगावं तर झोप लागत नाही.

आधी पोलिसांची भीती काढून टाका. पेपरफुटीविरुद्धचा केंद्राचा कायदा 21 जून 2024 पासून लागू झाला, त्यात एकट्यादुकट्याला 3 ते 5 वर्षं कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड आहे, टोळ्यांना त्याहून जास्त. पण तो नीट, रेल्वे, बँक अशा परीक्षांचे पेपर फोडणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या टोळ्यांसाठी आहे. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्धचा राज्याचा 1982 चा कायदा विद्यापीठ, बोर्ड आणि तशाच ठरवून दिलेल्या परीक्षांचा. कॉलेजच्या आतल्या टेस्टचा निकाल कॉलेजातच लागतो. बहुतेक वेळा त्या टेस्टचे मार्क जातात, घरच्यांना बोलावतात, टेस्ट पुन्हा घेतात. हे तिच्यासाठी वाईटच आहे, पण आयुष्य बुडण्यासारखं नाही.

आता माझं सांगतो. मी नागपुरातच डी. फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा केला, नंदनवनकडे माझं छोटं मेडिकल आहे. दुसऱ्या वर्षी सेशनलला, म्हणजे कॉलेजातल्या आतल्या परीक्षेला, माझा रूम पार्टनर माझ्या पुढच्याच बाकावर, जरा तिरपा बसला होता. त्याच्याकडे तपकिरी लाकडी पॅड होता, परीक्षेला सगळेच नेतात तसा. समोरून पाहिलं तर पॅड कोरा. खिडकीच्या उजेडाकडे थोडा कलता धरला की त्यावर पेन्सिलची बारीक अक्षरं चमकायची. औषधांचे वर्ग, डोस, साइड इफेक्ट, सगळं ओळीनं. पर्यवेक्षक सर जवळ आले की तो पॅड सरळ करायचा आणि अक्षरं नाहीशी व्हायची. त्याला 20 पैकी 17 मिळाले, रात्रभर जागून मला 11. मला राग आला, आणि त्या रागात हेवाही होता.

मी वहीचं पान फाडलं, डाव्या हातानं चार ओळी लिहिल्या आणि ऑफिसबाहेरच्या तक्रारपेटीत टाकल्या. त्याचं नाव लिहिलं, माझं नाही लिहिलं.

दोन दिवसांनी सरांनी ती चिठ्ठी भर वर्गात वाचून दाखवली आणि सगळ्यांचे पॅड तपासले. तोवर त्याचा पॅड खोडरबरानं स्वच्छ झालेला होता. सापडलं काहीच नाही, त्याला शिक्षाही झाली नाही. पण चिठ्ठी कोणाची, हे वर्गानं आपल्याआपणच ठरवून टाकलं. उमरेडहून येणारी एक मुलगी होती, कमी बोलणारी, खिडकीजवळ बसायची. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी ती ऑफिसात गेलेली दोघातिघांनी पाहिली होती. तेवढं पुरलं. प्रॅक्टिकलला तिच्या टेबलाशी कोणी उभं राहीना, तिला कोणी जर्नल देईना. ती जिन्याखाली एकटी डबा खायची. वर्ष संपेपर्यंत हे चाललं. मी रोज त्या जिन्यावरून उतरायचो आणि तोंड उघडत नव्हतो.

शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी फुटाळा तलावाच्या कठड्यावर बसून मी त्या रूम पार्टनरला खरं सांगितलं. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तू मलेच काऊन नाही सांगतलं बे? तू सांगतलं असतं तं मी पॅड तिथंच पुसला असता." त्यानं पुसला असता की नसता, ते पाहायची वेळच मी येऊ दिली नव्हती. त्या मुलीला फोन करायला मला आणखी दोन वर्षं लागली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खाली सही केली असती तं काय झालं असतं?" याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

म्हणून तुम्ही गप्प राहा असं मी सांगतोय, असं समजू नका. दुकानात दर आठवड्याला कोणीतरी आई तापलेलं पोर कडेवर घेऊन येते. दहा किलोचं बाळ, डॉक्टरांनी किलोला 15 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल सांगितलंय, म्हणजे एका वेळी 150 मिलिग्रॅम. एका सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम असतं, त्याचे 6 मिलिलिटर द्यायचे. दुसऱ्यात 250 असतं, त्याचे फक्त 3. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर आईला फरक दिसत नाही, तो औषध देणाऱ्यालाच दिसावा लागतो. 250 च्या बाटलीतून 6 मिलिलिटर गेले की डोस दुप्पट. दिवसातून चारदा दिला तर चारही वेळा दुप्पट, आणि पॅरासिटामॉल जास्त झालं की लिव्हरवर येतं. तुमची मैत्रीण उद्या रात्रपाळीला वॉर्डात एकटी उभी असेल. तिनं मोबाईलवरून नेमकं काय उतरवलं, ते आधी तिला विचारा. व्याख्या उतरवल्या असतील तर मला एवढी काळजी वाटणार नाही. डोसची गणितं असतील तर तिला ती येत नाहीत, आणि हे तिच्या मार्कांपेक्षा फार मोठं आहे.

तर पहिल्यांदा तिच्याकडे जा. मेट्रोच्या गर्दीत नको, सीताबर्डीला उतरल्यावर कुठेतरी थांबून बोला. जे पाहिलं तेच बोला: मोबाईल मांडीवर होता, तू खाली बघून लिहीत होतीस. "तू नेहमीच करतेस" म्हणू नका, ते तुम्ही पाहिलेलं नाही. ती चिडेल, रडेल, वडिलांचं काढेल. वडिलांचं दुःख खरं आहे, ते ऐकून घ्या, घाई करू नका. गणितं अडत असतील तर रविवारी सोबत बसून करू म्हणा, आणि खरंच बसा. मग स्पष्ट सांगा की सोमवारपर्यंत तू स्वतः मॅडमना सांग, नाहीतर मंगळवारी मी सांगेन, माझ्या नावानं. स्वतःहून सांगणाऱ्या मुलीशी आणि पकडलेल्या मुलीशी शिक्षक वेगळं वागतात, हे मी माझ्या ओळखीच्या शिक्षकांकडून अनेकदा ऐकलंय.

मंगळवार उजाडला आणि ती गेली नसेल, तर तुम्ही जा. वर्गशिक्षिकेला एकटीला गाठा, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नको. चिठ्ठी नको, दुसऱ्या कोणाच्या फोनवरून मेसेज नको, आणि वर्गाच्या ग्रुपवर एक अक्षरही नको. तिच्या घरची परिस्थिती मॅडमना माहीत नसेल तर तीही सांगा. टेस्ट होऊन गेली आहे, मोबाईल कोणी जप्त केलेला नाही, हातात आहे फक्त तिचा पेपर आणि तुमचा शब्द. मॅडम कदाचित तिची तोंडी परीक्षा घेऊन थांबतील, कदाचित काहीच करणार नाहीत. ते त्यांनी ठरवायचं. पुरावा नाही म्हणून गोष्ट वाढवून सांगायचा मोह होईल, तो टाळा.

बाहेर आलात की लगेच तिला सांगा, मी आत्ता मॅडमना सांगून आले. दुसऱ्या कोणाकडून तिला कळायला नको, आणि संशय तिसरीवर जायला नको. त्या दिवशीही तिच्याच डब्यात चढा. ती उठून दुसरीकडे जाऊन बसली तर बसू द्या, पण तुमच्या शेजारची जागा सीताबर्डीपर्यंत रिकामी ठेवा.