रशियन की सर्बियन?

प्रश्न : माझी मुलगी बारावीला, कला शाखेत आहे. परदेशी भाषेत करिअर करायचं म्हणते. जोकोविचचे सामने बघून सर्बियन शिकायचं मनात घेतलंय. तिचं म्हणणं असं की, रशियन आणि सर्बियन एकाच घरातल्या भाषा, लिपीही तीच, मग रशियनच्या गर्दीत कशाला घुसायचं? सर्बियनला स्पर्धाच नाही. माझे मिस्टर ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, ते म्हणतात रशियनच घे. आम्ही काय सांगावं? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, सर्बियनला स्पर्धा नाही हे तुमच्या मुलीचं निरीक्षण बरोबर आहे. पण शिकणारे कमी आहेत ते विचारणारेही कमी आहेत म्हणून. भाषा निवडताना किती लोक बोलतात हा आकडा सगळे बघतात. मी आणखी एक गोष्ट बघायला सांगतो : ज्यांची ती मातृभाषा नाही, असे किती लोक तिच्यात रोजचं काम करतात?

या एका प्रश्नावर दोन्ही भाषा लगेच वेगळ्या होतात. रशियन ही सुमारे १५ कोटी लोकांची मातृभाषा, आणि दुसरी भाषा म्हणून वापरणारे धरले तर आकडा २५ कोटींच्या आसपास जातो. कामाचे आहेत ते हे वरचे लोक. बेलारूसमध्ये १९९५च्या सार्वमतानंतर रशियनला बेलारूसीच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. किर्गिझस्तानात किर्गिझ राज्यभाषा आणि रशियन अधिकृत भाषा आहे. कझाकस्तानच्या सरकारी कचेऱ्यांत कझाकबरोबर रशियन चालते. रशिया, बेलारूस, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि आर्मेनिया यांचा जो युरेशियन आर्थिक संघ आहे, त्याची कामकाजाची भाषा रशियन. म्हणजे आर्मेनियाचा अधिकारी कझाक अधिकाऱ्याशी बोलतो तेव्हा टेबलावर रशियनच असते, समोर एकही रशियन माणूस नसला तरी. शिवाय संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी ही एक.

हा विस्तार सगळीकडे वाढतोय असं मात्र समजू नका. युक्रेनमध्ये रशियन बोलणारे आजही खूप आहेत, पण सरकारी भाषा युक्रेनियनच, आणि २०२२ला रशियाशी युद्ध पेटल्यावर अनेकांनी जाणूनबुजून रशियन सोडली. लाटवियात रशियन भाषकांची संख्या मोठी आहे. तरी तिला दुसरी अधिकृत भाषा करण्याचा प्रस्ताव २०१२च्या सार्वमतात पडला. पश्चिमेकडे भाषा आकसतेय, मध्य आशियात टिकून आहे. आपल्या मुलांचा संबंध येतो तो बराचसा या मध्य आशियाशीच.

आता सर्बियन. बोलणारे एक कोटीच्या आसपास. सर्बियाची स्वतःची लोकसंख्या २०२२च्या जनगणनेत ६६ लाख. बोस्निया-हर्झेगोविनात बोस्नियन आणि क्रोएशियनबरोबर सर्बियन अधिकृत आहे, कोसोव्होत अल्बेनियनबरोबर. मॉन्टेनेग्रोची गंमत बघा : राज्यघटनेनुसार अधिकृत भाषा मॉन्टेनेग्रिन, पण २०२३च्या जनगणनेत त्याहून जास्त लोकांनी, सुमारे ४३ टक्क्यांनी, आपली भाषा सर्बियन म्हणून नोंदवली. शेजारच्या क्रोएशियात सर्बियन बोलणाऱ्याला कुठेही अडत नाही, कारण युगोस्लाव्हिया होता तोवर या सगळ्यांना मिळून सर्बो-क्रोएशियन म्हणत. देश फुटले तसा एकमेकींत मिसळणाऱ्या बोलींच्या एकाच पट्ट्याचा चार नावांनी कारभार सुरू झाला. म्हणून सर्बियन शिकलेल्याचा प्रत्यक्ष वावर कागदावरच्या आकड्यापेक्षा मोठा असतो. क्रोएशिया २०१३पासून युरोपीय संघात आहे, हेही लक्षात ठेवण्यासारखं. पण नोकरीचा अर्ज तिथे क्रोएशियनमध्येच करावा लागेल, आणि या प्रदेशाबाहेर, व्हिएन्नासारख्या स्थलांतरितांच्या शहरांतला घरगुती वापर सोडला, तर सर्बियन दोन परक्या माणसांमधली भाषा होत नाही.

लिपीबद्दलही थोडं. दोन्ही भाषांच्या लिपीला सिरिलिक म्हणतात, पण रशियन वर्णमालेत ३३ अक्षरं, सर्बियन सिरिलिकमध्ये ३०, आणि त्यांतली काही रशियनमध्ये नाहीतच. त्यात सर्बियात रोजच्या व्यवहारात रोमन लिपीही सर्रास चालते. एक भाषा येत असेल तर दुसरीची बातमी कशाबद्दल आहे ते कळेल, गप्पा मारता येणार नाहीत. २०२२नंतर सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, येऊन राहिलेल्या रशियन लोकांनाही सर्बियनच्या शिकवण्या लावाव्या लागतात. तेव्हा ‘एक घेतली की दुसरी फुकट’ हे डोक्यातून काढा.

मिस्टरांचा अंदाज मला पटतो, आणि त्यांना कारणही ठाऊक असेल : ओझरला मिगपासून सुखोईपर्यंत विमानं रशियन परवान्यानेच बांधली गेली. असं काम आजही आहे. कुडनकुलमचा अणुप्रकल्प रशियाच्या सहकार्याने उभा राहिला. आपल्या औषध कंपन्या रशिया आणि आसपासच्या देशांत माल विकतात, त्यांच्या नोंदणीच्या कागदपत्रांना रशियन लागते. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर दुकानांच्या पाट्या रशियनमध्ये दिसतात. किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला, एमबीबीएसला गेलेल्या मुलांचे तास इंग्रजीत होतात, पण वॉर्डातला पेशंट रशियन नाहीतर किर्गिझ बोलतो. तिकडे मुलं पाठवणाऱ्या संस्थांना भाषा येणारी माणसं हवी असतात. सर्बियनसाठी भारतात बसून अशी यादी करायला गेलं तर दूतावास आणि तुरळक अनुवाद यापुढे मी जाऊ शकत नाही.

म्हणून माझं मत : पदवी रशियनमध्ये. मुंबई विद्यापीठात कालिन्याला रशियन विभाग आहे. पुण्यात विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात रशियनचे अभ्यासक्रम चालतात. रशियन भाषेच्या अधिकृत टॉर्फल परीक्षेची किमान बी-२, म्हणजे मध्यमाच्या वरची, पातळी पदवी संपेपर्यंत गाठायची. नुसती पदवी घेऊन अडखळत बोलणारे पुष्कळ आहेत, ती गर्दी खरी आहे.

सर्बियन मात्र मोडीत काढू नका. आवडीने शिकलेली भाषा टिकते, आणि रशियनच्या सहा विभक्ती पचल्यावर सर्बियनच्या सात फार जड जात नाहीत. सातवी तर आपल्या ओळखीचं संबोधनच. दुसऱ्या वर्षापासून तिला ऑनलाइन सुरुवात करू द्या. पुढे तिला खरंच बेलग्रेडला जाऊन राहायचं, शिकायचं असेल, तर माझं गणित बदलेल. अलिप्ततावादी देशांच्या विद्यार्थ्यांसाठी सर्बिया सरकारची शिष्यवृत्ती आहे, तिच्यात आधी भाषेचं प्रशिक्षण देतात. यंदाच्या अटी दिल्लीतल्या सर्बियन दूतावासाकडून मागवून घ्या. बाहेरच्या एजंटाला यासाठी एक रुपयाही देऊ नका.