उत्तर: धडा घडाघडा म्हणतो, पण पाटी वाचत नाही

ताई, तुम्ही लिहिलंय, मुलगा दुसरीत, बालभारतीचा धडा घडाघडा म्हणतो, पण ऐरोली स्टेशनवरची पाटी वाचता येत नाही. शाळा म्हणते आळशी आहे, आणि एका ऑफिसातून उत्तर मिळालं, 'आठ पूर्ण झाल्यावर या.' हे वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी डॉक्टर नाही, पालक आहे, एवढं धरून वाचा.

डोळे-कान तपासा वगैरे सांगत बसत नाही. फक्त कानातला मळ काढला म्हणजे तपासणी झाली असं नाही. ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं) आणि टिम्पॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का) दोन्ही करा. सर्दीने पडद्यामागे पाणी साठलं तर मूल हाकेला ओ देतं, पण आवाजांतला बारीक फरक निसटतो.

आता ते 'आठ पूर्ण'. आमचं दीड वर्ष या दोन शब्दांनी खाल्लं. आठ वर्षांची अट एलडीच्या, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीच्या (डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण) सर्टिफिकेटला आहे, केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांतून आलेली. रेमेडियल, म्हणजे अडतं तिथे वेगळ्या पद्धतीने शिकवणं, सुरू करायला ती लागूच नाही! खिडकीवरचा माणूस हे आपणहून सांगत नाही, कारण आपण विचारलेलं असतं सर्टिफिकेटचं. मग घरी येऊन 'अजून लहान आहे' म्हणत बसायचं, आणि तोवर मूल तिसरीत. तिथे पुस्तक वाचता येतं असं धरूनच शिकवतात.

पाठांतर पकडायला कागदाला एका शब्दाएवढी खिडकी कापा, धड्याच्या शेवटच्या ओळीवर ठेवा आणि उलट सरकवत न्या. मग अर्थ नसलेले शब्द लिहून द्या: टापे, मुगो, लुकी. काना-मात्रा जोडून वाचणारं मूल हेही वाचतं; अंदाजाने वाचणारं 'टापे'चं 'टोपी' करतं. तिसरं तोंडी विचारा: 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं? दुसरीच्या मध्यावर तिन्हीकडे अडत असेल तर थांबू नका. नुसती घ-ध, भ-म ची गल्लत या वयात होते, त्याने घाबरू नका.

शाळेला 'डाली'बद्दल विचारा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राचा डिस्लेक्सिया तपासण्याचा हा संच मराठीतही आहे. पहिली-दुसरीची प्रश्नावली वेगळी, तिसरी ते पाचवीची वेगळी. ती वर्गशिक्षकांनी भरायची. हे निदान नव्हे, नुसती चाळणी. पुढची असेसमेंट मूल ज्या भाषेत शिकतं त्याच भाषेत होईल ना, हे फी भरण्याआधी विचारा. वाचन सुधारेल म्हणून रंगीत काचांचे चष्मे कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ उठून या.

घरी रोज वीस मिनिटं, जास्त नको. अख्खी बाराखडी पुढ्यात टाकू नका. क, म, ल, न, र आणि फक्त काना घ्या. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढताना तोंडाने आवाज. घ आणि ध एकाच आठवड्यात आणू नका. दर रविवारी एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते तारखेसह लिहा. तीन महिन्यांत आकडा हलला नाही तर हाच कागद घेऊन स्पेशल एज्युकेटरकडे (अशा मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकाकडे) जा.

आणि वह्या रद्दीत घालू नका, चुकांसकट ठेवा. बाईंनी फेअर करून घेतलेल्या वहीतून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही.