कांचनगंगेवर चढायला बंदी आहे का?

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही सिक्कीममधल्या पेलिंगला गेलो होतो. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, कांचनगंगेवर चढायला बंदी आहे, ती आमची देवता आहे. पण पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे गिर्यारोहक तर २०१९ साली वर जाऊन आले. मग खरं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही खरं. ८,५८६ मीटर उंचीचं हे शिखर सिक्कीम आणि नेपाळ यांच्या सीमेवर आहे. सिक्कीम सरकारने २००१ साली आपल्या बाजूने चढाईला मनाई केली. नेपाळकडून मात्र परवाना मिळतो. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमीचे दहा जण १५ मे २०१९ला माथ्यावर पोहोचले, ते नेपाळमधूनच. १९७७मध्ये भारतीय सेनेची तुकडी सिक्कीमच्या झेमू हिमनदीकडून चढली होती, पण तेव्हा ही मनाई नव्हती.

तुमच्या ड्रायव्हरचं म्हणणं मात्र नीट ऐकण्यासारखं आहे. सिक्कीममधल्या युकसोम गावाहून चालत मी झोंग्री या उंचावरच्या ठिकाणी गेले होते. पहाटे चारला टॉर्च घेऊन टेकडीवर चढलो, बोटं बधिर झाली होती. शिखराच्या टोकाला उजेड लागला तसे आम्ही सगळे कॅमेरे काढू लागलो. आमच्या वाटाड्याने टोपी काढली, हात जोडले आणि बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मीही मग कॅमेरा खाली ठेवला. ‘हिमाचे पाच महान खजिने’ असा या नावाचा तिबेटी अर्थ त्यानेच मला सांगितला. आपल्या ‘कांचनगंगे’त सोनंही नाही आणि गंगाही नाही, ते आपल्या कानांनी घडवलेलं रूप! सिक्कीममध्ये ‘पांग ल्हाबसोल’ हा सण याच पर्वताच्या नावाने होतो.

पहिल्या यशस्वी चढाईतही ही श्रद्धा पाळली गेली. २५ मे १९५५ला जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक माथ्याच्या काही फूट खाली थांबले. शेवटच्या टोकावर पाय ठेवणार नाही, असा शब्द मोहिमेने सिक्कीमच्या चोग्यालांना, म्हणजे तिथल्या राजांना दिला होता. इतक्या कष्टांनी तिथवर जायचं आणि ती चार पावलं सोडून द्यायची, ही मला गिर्यारोहणातली फार मोठी गोष्ट वाटते. नंतरच्याही अनेकांनी हा रिवाज पाळला.

तुम्हाला जवळून दर्शन घ्यायचं असेल तर युकसोम–झोंग्री–गोएचा ला (‘ला’ म्हणजे खिंड) ही पायवाट आहे. तिच्यावर बंदी नाही, मात्र आधी परवाना काढावा लागतो. वाटाड्या स्थानिकच घ्या.