वाचकांचे प्रश्न : एक दिवसाची पिल्लं दूर पाठवताना

प्रश्न : एप्रिलमध्ये नगर जिल्ह्यातून विदर्भातल्या एका गिऱ्हाइकाकडे 400 गावरान पिल्लं बंद गाडीतून रात्रीत पाठवली. गारठू नयेत म्हणून बॉक्सवर गोणपाट टाकलं होतं. पोचल्यावर 31 मेलेली निघाली, तीही बहुतेक मधल्या बॉक्समधली. आत पाणी ठेवायला हवं होतं का?

उत्तर : पाणी नव्हे, हवा कमी पडली. थंडीनं मर झाली असती तर कडेच्या बॉक्समधली पिल्लं आधी गेली असती. मधली गेली म्हणजे ती उकडून, गुदमरून गेली. शंभर पिल्लं एकत्र बसली की त्यांच्या अंगाचीच ऊब भरपूर होते. बॉक्सच्या आत 32 ते 35 अंश लागतात आणि गाडीत 24-26 अंश असले तरी ते आपोआप मिळतात. तुम्ही गोणपाटानं भोकंच बुजवलीत.

पाणी आत कधीच ठेवू नका. ते सांडतं, पिसं भिजतात आणि भिजलेलं पिल्लू गारठून जातं. अंड्यातला उरलेला बलक पोटात असल्यामुळे पिल्लू 72 तासांपर्यंत तग धरतं. म्हणून मुदत 72 तासांची धरायची असं मात्र नाही. 24 तासांच्या आत पोचलेली पिल्लं खाण्यापिण्याला चटकन लागतात.

भरताना पिसं पूर्ण सुकलेली आणि बेंबी मिटलेली पाहा. ओली बेंबी म्हणजे वाटेतच संसर्ग, असं पिल्लू विकूच नये. नेहमीचा पुठ्ठ्याचा बॉक्स साधारण 60 बाय 45 बाय 15 सेंमीचा, चार कप्प्यांचा असतो. हिवाळ्यात एका कप्प्यात 25 पिल्लं, मार्च ते जून 20च. कप्पे काढून टाकू नका. ब्रेक लागला की सगळी पिल्लं एका कोपऱ्यात ढिगारा करतात आणि खालची चेंगरतात. तळाला भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या भुशाचा पातळ थर द्या. नुसत्या गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात आणि ते पिल्लू पुढे उभंच राहत नाही. वापरलेला पुठ्ठा पुन्हा वापरू नका, त्यातून रोग जातो.

गाडीत थर पाच-सहाच्या वर नकोत. दोन रांगांत वीतभर मोकळी जागा सोडा आणि बॉक्स सरकू नयेत म्हणून मध्ये लाकडी पट्ट्या टाका. पावसाळ्यात ताडपत्री वरून घ्या, बाजू उघड्या ठेवा. उन्हाळ्यात संध्याकाळी उशिरा निघून पहाटे पोचायचं. आणि ड्रायव्हरला हे आवर्जून सांगा: चहाला गाडी थांबली की वारा थांबतो आणि मधले बॉक्स काही मिनिटांत तापतात. थांबायचंच असेल तर दारं उघडी ठेवून, तेही थोडाच वेळ.

दर दोन तासांनी एक मधला बॉक्स बघावा. कर्कश, सलग चिवचिव आणि एकमेकांवर चढलेली पिल्लं म्हणजे थंडी. चोच उघडी, मान लांब, पंख सुटलेले म्हणजे उकाडा. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून पाहा. गार लागले तर त्याला ऊब कमी पडते आहे.

प्रश्न : गिऱ्हाइकानं उतरवून घेताना काय करावं?

उत्तर : ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी जागा, दोन-तीन तास आधी लावून ठेवावा. पिल्लाच्या उंचीवर 32 ते 34 अंश भरले पाहिजेत. बॉक्स लगेच उघडून समोरासमोर मोजणी करावी. मेलेल्यांची भरपाई कुणी द्यायची हे आगाऊ रक्कम घेतानाच ठरलेलं असलं की इथे वाद होत नाही. बॉक्सवर अंड्यातून निघाल्याची तारीख आणि मरेक्सची (कोंबड्यांचा एक विषाणूजन्य रोग) लस दिली की नाही हे लिहिलेलं असावं.

आधी पाणी. लिटरला 50 ग्रॅम गूळ घातलेलं, कोमट. काही पिल्लांची चोच एकेकदा त्यात बुडवली की बाकीची बघून शिकतात. तासा-दोन तासांनी पसरट थाळीत मक्याचा बारीक भरडा. रात्री दहा-वीस पिल्लांची गळ्याखालची पिशवी चाचपावी. भरलेली आणि मऊ लागली तर ठीक, रिकामी लागली तर त्या पिल्लांना वेगळं काढून पाणी पाजावं.