वाचकांचे प्रश्न: सिग्मा आधी की पाय?

प्रश्न: रेणूतल्या ऑर्बिटल्सच्या (इलेक्ट्रॉनच्या जागांच्या) ऊर्जा-आकृतीत नायट्रोजनला पाय २पी (अणू जोडणाऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले) खाली आणि सिग्मा २पी (त्या रेषेवरचे) वर दाखवतात, ऑक्सिजनला नेमके उलटे. हे पाठच करायचे का? क्रम चुकला तर बाँड ऑर्डरही (अणूंमधल्या बंधांची संख्या) चुकते का?

उत्तर: पाठ करण्याजोगे एवढेच, की क्रम नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या मध्ये पालटतो. कारण अणूतच आहे. २एस आणि २पी या पातळ्यांमधले अंतर बोरॉनमध्ये साधारण ६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे एकक), नायट्रोजनमध्ये १२, तर ऑक्सिजनमध्ये १६ च्या पुढे असते. २एसपासून आणि २पीपासून बनणाऱ्या सिग्मा ऑर्बिटल्सची सममिती एकच, म्हणून ती एकमेकांत मिसळू शकतात. मात्र ऊर्जा जवळ असेल तरच हे मिसळणे जाणवते. मिसळले की खालचे आणखी खाली जाते आणि वरचे, म्हणजे सिग्मा २पी, पायच्या डोक्यावर जाऊन बसते. पायची सममिती वेगळी, ते या भानगडीत पडत नाही.

बाँड ऑर्डर मात्र चुकत नाही, आणि खरी पंचाईत तीच! नायट्रोजनला उलटा क्रम लावा, उत्तर ३ च येते. ऑक्सिजनला २ च. चूक उघडी पाडायला बोरॉन घ्या. दोन अणूंचे मिळून १० इलेक्ट्रॉन. १एस आणि २एसची ऑर्बिटल्स ८ घेतात, उरतात २. योग्य क्रमात (नायट्रोजनसारखेच, पाय खाली) समान ऊर्जेच्या दोन पाय ऑर्बिटल्समध्ये एकेक जातो, रेणू पॅरामॅग्नेटिक (चुंबकाकडे ओढला जाणारा) ठरतो. उलट्या क्रमात दोघेही सिग्मात जोडीने बसतात आणि रेणू डायामॅग्नेटिक (चुंबकापासून किंचित दूर ढकलला जाणारा) होतो. प्रयोग पहिल्याच्या बाजूने आहे. बाँड ऑर्डर दोन्हीकडे १. म्हणून उत्तर तपासताना जोडी नसलेले सुटे इलेक्ट्रॉनही मोजा.

प्रश्न: इलेक्ट्रॉन काढला की बंध कमजोर होतो ना?

उत्तर: तो कुठून काढला ते पाहा. नायट्रोजनमध्ये तो बाँडिंग (बंध घट्ट करणाऱ्या) ऑर्बिटलमधून जातो: बाँड ऑर्डर ३ ची २.५, लांबी ११० पिकोमीटरवरून ११२. ऑक्सिजनमध्ये पाय अँटीबाँडिंगमधून (बंध सैल करणाऱ्या ऑर्बिटलमधून) जातो: २ ची २.५, आणि बंध १२१ वरून ११२ पर्यंत आखडतो.

प्रश्न: मॅग्नेशियमचे ३एस पूर्ण भरलेले असते. मग घनरूपात ३एसचा पट्टाही (अनेक अणूंच्या दाटीवाटीच्या पातळ्यांचा समूह) भरलेलाच असणार. तरी तो सुवाहक कसा?

उत्तर: तुमचा हिशेब बरोबर आहे: एन अणूंपासून ३एसच्या एन पातळ्या, त्यांत २एन जागा आणि इलेक्ट्रॉनही २एनच. निसटले ते पट्ट्याच्या रुंदीचे भान. अणू जवळ आले की ३एस आणि ३पी दोन्ही पट्टे फुगतात आणि एकमेकांवर चढतात. भरलेल्या पातळ्यांना लागूनच रिकाम्या पातळ्या मिळतात, मग जरासे विद्युतक्षेत्रही इलेक्ट्रॉन हलवायला पुरते. हिऱ्यात अशी सोय नाही: भरलेल्या बाँडिंग पट्ट्यावर सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची मोकळी दरी आहे. सिलिकॉनमध्ये ती १.१ च.

आकृतीत मॅग्नेशियमचे दोन पट्टे एकावर एक सुटे चौकोन म्हणून काढू नका. शेजारी-शेजारी काढा, म्हणजे ३पीची खालची कड ३एसच्या वरच्या कडेखाली दाखवता येते.