कमी गुण आले म्हणजे डिमेन्शियाच का?

प्रश्न : आईचे वय ७२, शिक्षण चौथीपर्यंत. वस्तू ठेवून विसरते म्हणून तपासणीला नेले. ‘मोका’ या स्मरण, लक्ष वगैरे तपासणाऱ्या चाचणीत ३० पैकी १९ गुण आले. २६ पेक्षा कमी म्हणजे दोष, असे सांगितले. हा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) समजायचा का?

उत्तर : नुसत्या १९ वरून तसे ठरवू नका. २६ ची रेषा २००५ मध्ये कॅनडात ठरली, तीही बऱ्यापैकी शिकलेल्या लोकांवरून. शिक्षण बारा वर्षे किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. चौथी शिकलेल्या बाईंना तो पुरत नाही.

दवाखान्यातून चाचणीचा मूळ कागद मागून घ्या आणि गुण कुठे गेले ते पाहा. आकडे व अक्षरे आळीपाळीने जोडणे १, घनाकृती काढणे १, अकरा वाजून दहा मिनिटे दाखवणारे घड्याळ काढणे ३, शंभरातून सात-सात वजा करणे ३, दोन वस्तूंतले साम्य सांगणे २, एका अक्षरापासूनचे शब्द मिनिटभरात सांगणे १. हे झाले ११ गुण. पेन्सिल आणि पाटीगणित सुटून साठ वर्षे झाली असतील तर ते सगळे जाऊ शकतात, आणि बाकी सारे नीट जमूनही, वाढीव गुण न धरता, बेरीज १९ च येते.

चिंता करायची ती पाच शब्दांच्या ओळीची. आधी पाच शब्द ऐकवतात आणि सुमारे पाच मिनिटांनी ते पुन्हा विचारतात. आठवले नाहीत तर ‘फुलाचे नाव होते’ असा इशारा देऊन पाहतात. त्याचे गुण नसतात, पण माहिती मोलाची असते. इशाऱ्याने आठवले तर शब्द मेंदूत गेले होते, बाहेर काढायला जड गेले; नैराश्यातही असे होते. इशारा देऊन, पर्याय सांगूनही आठवत नसेल, शिवाय तारीख-वार चुकत असतील, तर अल्झायमरची (डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) शंका बळावते.

कमी शिकलेल्यांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी केलेल्या हिंदी चाचणीत वाक्य लिहायला लावत नाहीत, घराविषयी काही बोलायला सांगतात. वजाबाकीही वीसातून तीन-तीनची. ‘मोका’चीही अशी सोपी आवृत्ती आहे. तीच मागा.

चाचणीच्या दिवशी चष्मा आणि कानाचे यंत्र घालून न्या. ऐकू न आलेला शब्द आठवणार कसा? रात्रीची झोप झालेली असावी. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा अचानक आलेला गोंधळ असेल तर चाचणी पुढे ढकला. तुम्ही शेजारी बसून उत्तरे सुचवू नका, घरी सरावही घेऊ नका; पुढच्या वेळचे गुण फसवे येतात. बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासले नसेल तर आधी तपासा. आणि डॉक्टरांना हे नक्की सांगा : पैशांचे व्यवहार, औषधांच्या वेळा, नेहमीचा स्वयंपाक, ओळखीची वाट, यांत वर्षभरात काय बदलले? निदान यावर जास्त अवलंबून असते. शंका उरली तर सहा महिन्यांनी, वेगळ्या शब्दांची आवृत्ती वापरून, पुन्हा चाचणी घेता येते.

प्रश्न : भाऊ २८ वर्षांचा, स्किझोफ्रेनियाचा रुग्ण. कानात ऐकू येणारे आवाज औषधाने थांबले. ‘एमएमएसई’ या स्मरण तपासणाऱ्या चाचणीत ३० पैकी २९ गुण आले, तरी दुकानात तीन कामे सांगितली तर दोन विसरतो. आळस म्हणायचा का?

उत्तर : आळस मुळीच नाही. ‘एमएमएसई’ १९७५ ची. तारीख, ठिकाण, साधी वजाबाकी असे विचारते. या आजारात ते बहुधा शाबूत असते. बिघडते ते लक्ष, कामाचा वेग, सूचना डोक्यात धरून ठेवणे आणि आखणी. त्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे ‘स्किप’ (साधारण १५ मिनिटे) किंवा ‘बॅक्स’ (अर्ध्या तासाहून थोडी जास्त) ही चाचणी होते का ते विचारा.

त्याआधी औषधांची चिठ्ठी दाखवा. थरथरीसाठीची ट्रायहेक्सीफेनिडिल ही गोळी स्मरणशक्ती मंदावते, झोपेच्या गोळ्याही. स्वतःहून मात्र काहीही बंद करू नका. मात्रा कमी करता येईल का ते डॉक्टर ठरवतील. लक्ष आणि स्मरणाचे नियमित प्रशिक्षणही असते, आणि ते पुनर्वसनाच्या कामाबरोबर दिले तर जास्त उपयोगी पडते. तोवर दुकानात एका वेळी एकच काम सांगा, बाकीची कागदावर लिहून गल्ल्याशेजारी चिकटवा.